भाड्याचं घर, डोक्यावर कर्ज: आधी कोणाचे पैसे द्यायचे?

मुक्काम (धागाकर्ती)

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. ओळखीत कोणाशी बोलायची सोय नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आम्ही चौघं, मुलं शाळेत. घर भाड्याचं. मध्यंतरी ह्यांची नोकरी गेली आणि त्याच सुमारास घरात मोठं आजारपण निघालं. नोकरी पुन्हा लागली, पण पगार पहिल्यासारखा नाही. मधल्या काळात जिथून मिळतील तिथून पैसे उभे केले. आता दोन क्रेडिट कार्डं, एक पर्सनल लोन, ॲपवरची दोन छोटी कर्जं आणि माझ्या भावाकडून घेतलेले हातउसने, असं सगळं डोक्यावर आहे. हप्त्यांची बेरीज पगाराच्या निम्म्यावर जाते. मागच्या महिन्याचं भाडं अजून दिलेलं नाही.

दिवसभर वसुलीचे फोन. जो जास्त तगादा लावतो त्याच्याकडे पैसे जातात. घरमालक भले आहेत, एकदा विचारून गप्प बसतात, म्हणून दर वेळी भाडंच मागे पडतं. या विषयावर जे वाचायला मिळतं ते बहुतेक स्वतःचं घर असलेल्यांसाठी असतं. घर तारण ठेवा, त्यावर स्वस्त कर्ज काढा, वेळ पडली तर विका. आमच्याकडे यातलं काहीच नाही.

कोणाचे पैसे आधी द्यावेत? घरमालकांशी कसं बोलावं? लहान घरात जावं का? ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा. कर्ज का काढलं यावर चर्चा नको, ती घरात पुष्कळ झाली आहे.

पायवाट

ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. मी एवढंच सांगते, भाडं पहिलं. बाकीचं जाणकार लिहितीलच.

जमाखर्च

पायवाट यांना पूर्ण अनुमोदन. फक्त ते का, हे सविस्तर लिहितो, कारण फोन वाजायला लागला की पटलेली गोष्टसुद्धा टिकत नाही.

देणेकऱ्यांचा क्रम त्यांच्या आवाजावरून लावू नका. पैसे न दिल्यास आपलं काय जातं, यावरून लावा. भाडं थकत गेलं तर घर जातं. घर गेलं की मुलांची शाळा, कामावर जायचं अंतर, नवीन डिपॉझिट, सामान हलवण्याचा खर्च हे सगळं एकदम अंगावर येतं, आणि आधीच्या घराचं भाडं थकवून निघालेल्या कुटुंबाला दुसरं घर द्यायला कोणी पटकन तयार होत नाही. कार्डाचे पैसे थकले तर व्याज वाढतं, दंड लागतो, पत बिघडते, पुढे कोर्टाची नोटीसही येऊ शकते. हे गंभीर आहेच, पण यातलं काहीही पुढच्या महिन्यात तुम्हाला घराबाहेर काढत नाही.

म्हणून भाडं, वीज-पाणी, किराणा, औषधं आणि कामावर जाण्या-येण्याचा खर्च आधी. मग ज्या कर्जाला काही तारण आहे ते. (गाडी तारण असेल आणि रोजीरोटी त्या गाडीवर असेल, तर तो हप्ता भाड्याच्या बरोबरीचा समजा.) कार्डं, पर्सनल लोन, ॲप ही बिनतारणी कर्जं उरलेल्या पैशांतून.

आणखी एक, हे आजच करा. पगाराच्या खात्यातूनच हप्ते आपोआप कापले जात असणार. पगार आल्या आल्या भाड्याचे पैसे दुसऱ्या खात्यात हलवा, आणि ते खातं अशा बँकेत हवं जिथे तुमचं कर्ज किंवा कार्ड नाही. कर्ज थकलं की त्याच बँकेतल्या तुमच्या खात्याची शिल्लक परस्पर वळती करून घ्यायचा हक्क बँकांना बऱ्याच ठिकाणी असतो. करारात ते कलम असतं, कोणी वाचत नाही. भाड्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे असे एका रात्रीत गेल्याचं मी नात्यात पाहिलंय. जो हप्ता झेपणारच नाही त्याचं ऑटो-डेबिट देणेकऱ्याला लेखी कळवून थांबवा. नाहीतर दर वेळी हप्ता परत गेला की दंड दोन्हीकडून लागतो, बँकेचा वेगळा आणि कर्ज देणाऱ्याचा वेगळा.

पलीकडचा_फोन

मी काही वर्षं एका वित्तसंस्थेच्या वसुली विभागात होतो, त्यामुळे त्या बाजूचं लिहितो.

फोन करणाऱ्यासमोर एक यादी असते. किती दिवस थकलंय त्यावरून तिचे गट पाडलेले असतात: ३० दिवसांपर्यंत, ३१ ते ६०, ६१ ते ९०. ९० दिवस ही मोठी रेष. जगभरातल्या बहुतेक बँकिंग नियमांत ९० दिवसांपलीकडे थकलेलं कर्ज अनुत्पादक, म्हणजे बुडण्याच्या बेतातलं, धरतात आणि मग संस्थेला त्यासाठी स्वतःच्या नफ्यातून तरतूद करावी लागते. म्हणून ती रेष जवळ आली की फोन एकदम वाढतात. त्या आठवड्यात तुमच्या घरात काही बदललेलं नसतं, त्यांच्या वहीत बदलणार असतं. फोन किती येतात यावरून ते देणं किती निकडीचं हे ठरवू नका, ते एवढ्यासाठी.

फोनवर शब्द देऊ नका. "शुक्रवारी भरते" असं नुसतं फोन ठेवायला म्हटलं, तरी पलीकडे तारखेसह नोंद होते. ती तारीख हुकली की तुमच्या नावापुढे शब्द मोडल्याचा शेरा पडतो आणि पुढच्या फोनची भाषा बदलते. त्यापेक्षा रोज एकच वाक्य, त्याच स्वरात: "माझं उत्पन्न कमी झालं आहे, मी लेखी विनंती पाठवली आहे, तिचं उत्तर लेखी द्या." वाद नको, रडगाणं नको, स्पष्टीकरण तर अजिबात नको.

आणि ती विनंती खरोखर पाठवा. फोन करणाऱ्याला हप्ता कमी करायचा अधिकार नसतो. ग्राहकसेवा किंवा तक्रार विभागाच्या ईमेलवर लिहा. नोकरी गेल्याचा आणि आजारपणाचा पुरावा जोडा, महिन्याला किती नक्की भरू शकता तो आकडा द्या, आणि मागा: मुदत वाढवणं, काही महिने फक्त व्याज, दंड माफ. ९० दिवसांच्या आत अशा विनंतीला दाद मिळायची शक्यता जास्त असते, असा माझा अनुभव.

शिवीगाळ, शेजाऱ्यांना किंवा कामाच्या ठिकाणी फोन, अटकेच्या धमक्या यांना अनेक देशांत कायद्याने मनाई आहे. तारीख, वेळ, नंबर, काय बोलले हे वहीत लिहून ठेवा. ॲपला दिलेली संपर्कयादीची आणि फोटोंची परवानगी आज काढून टाका.

सुट्टे_पैसे

मुक्कामताई, आधी दोन्ही ॲपची कर्जं संपवा. लहान आहेत, लवकर मिटतील, फोन करणारे दोन कमी होतील. एक देणं पूर्ण मिटलं की घरात जो धीर येतो तो कुठल्याही गणितापेक्षा मोठा.

जमाखर्च

>> आधी दोन्ही ॲपची कर्जं संपवा <<

इथे थोडा मतभेद. धीर महत्त्वाचा आहे हे मान्य, पण जास्त व्याजाचं कर्ज पडून राहिलं तर ते लहान कर्ज मिटवल्याचा फायदा खाऊन टाकतं. शुद्ध गणितात सगळ्यांत महाग कर्ज आधी फेडणंच स्वस्त पडतं.

ताई, कार्डाचं स्टेटमेंट समोर घ्या. "किमान देय रक्कम" ही ओळ बघा. समजा बाकी १,००,०००, व्याज महिना ३ टक्के आणि किमान रक्कम एकूण बाकीच्या ५ टक्के. पहिल्या महिन्यात व्याज धरून बाकी १,०३,००० होते, तुम्ही ५,१५० भरता, बाकी उरते ९७,८५०. म्हणजे ५,१५० भरून मुद्दल फक्त २,१५० नी उतरलं. पुढच्या महिन्यात बाकी थोडी कमी, म्हणून किमान रक्कमही थोडी कमी सांगतात, आणि आपल्याला सुटल्यासारखं वाटतं. नेमकं तिथेच अडकायला होतं. दर महिन्याला ते सांगतील तेवढंच भरत राहिलात, तर नवीन खरेदी एकही न करता ३० महिन्यांनी सुमारे ५२,००० शिल्लक असतात. पहिल्या महिन्याचे ५,१५० तसेच कायम भरत राहिलात, तर त्याच ३० महिन्यांत कार्ड शून्यावर येतं. जास्तीचा पैसा कुठून आणायचा नाही, फक्त रक्कम उतरू द्यायची नाही.

महिना ३ टक्के म्हणजे वर्षाला ३६ नव्हे. व्याजावर व्याज धरलं तर ते साडेबेचाळीसच्या वर जातं. ॲपवाले "फ्लॅट" दर सांगतात, तिथेही जपा. वर्षभराच्या कर्जाला फ्लॅट १२ टक्के म्हणजे उतरत्या बाकीवर जवळजवळ साडेएकवीस टक्के, कारण मुद्दल तुम्ही दर महिन्याला परत करत असता आणि व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या रकमेवर मोजलेलं असतं.

सुट्टे_पैसे

जमाखर्च, गणित बरोबर आहे. पण ताईंची अडचण महिन्याच्या शेवटी हातात काही उरत नाही ही आहे. समजा एका कर्जाची बाकी १२,००० आणि हप्ता २,०००, दुसऱ्याची बाकी ९०,००० आणि हप्ता ३,०००. दुसऱ्याचं व्याज जास्त असलं तरी पहिलं मिटवलं की दर महिन्याला २,००० मोकळे होतात, आणि तेवढ्याने भाडं वेळेवर जात असेल तर माझ्या मते तोच क्रम बरोबर. भाडेकरूला आधी महिना सांभाळायचा असतो.

जमाखर्च

हे पटलं. मग असं करा, प्रत्येक कर्जाच्या हप्त्याला बाकीने भागा. ज्याचा भागाकार सगळ्यांत मोठा, ते मिटवल्याने भरलेल्या प्रत्येक रुपयामागे महिना सगळ्यांत जास्त हलका होतो. भाडं थकीत आहे तोवर हा क्रम. भाडं सुरळीत झालं की महाग कर्ज आधी.

वरचा_मजला

मी इथे दुसऱ्या बाजूचा आहे. माझी एक जागा भाड्याने दिलेली आहे आणि ते भाडं माझ्या घरखर्चात धरलेलं असतं. ताई, तुमचे घरमालक एकदा विचारून गप्प बसतात, पण गप्प बसणारा माणूस आतून दोनच गोष्टींचा विचार करत असतो: यांना बाहेर काढावं लागेल का, आणि डिपॉझिटमधून किती महिने निघतील. त्यांना हा विचार एकट्याने करू देऊ नका.

माझ्या एका भाडेकरूने असाच कठीण काळ काढला. त्याने मला पाठवलेला निरोप अजून फोनमध्ये आहे, त्याच धर्तीवर लिहितो: "या महिन्याचं भाडं ५ तारखेला पूर्ण देत आहे. मागची थकबाकी एकरकमी जमणार नाही. ती चार भागांत, पुढच्या चार महिन्यांच्या भाड्यासोबत देईन. हे मान्य असेल तर कृपया याच निरोपाला होकार कळवा." त्यात कारणं नव्हती. कारणं मला माहीत होती. रक्कम आणि तारीख होती, आणि त्याने ती पाळली. मी त्या वर्षी भाडंही वाढवलं नाही.

चालू भाडं पूर्ण आणि थकबाकी तुकड्यांनी, असाच क्रम ठेवा. जुन्याकडे भरून नवीन थकवलंत तर हिशेबात तुम्ही कायम मागेच दिसाल. शेवटच्या महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करायचं असेल तर मालकाची लेखी संमती घ्या, स्वतःच्या मनाने धरून चालू नका. दर वेळी पावती घ्या, ओळखीतलं घर असलं तरी.

प्रसंग चिघळला तरी, बहुतेक देशांत घरमालकाला रीतसर नोटीस आणि कोर्टाच्या आदेशाशिवाय कुलूप बदलता येत नाही किंवा सामान बाहेर काढता येत नाही. हे मालक असूनही सांगतो, कारण घाबरून रातोरात घर सोडणारी कुटुंबं डिपॉझिट गमावून बसतात.

सामानसुमान

लहान घराबद्दल. स्वस्त घर दिसलं की लगेच भाड्यातला फरक डोळ्यांसमोर येतो, पण आधी हलण्याचा सगळा खर्च मांडा: दलाली, करार, गाडी, नवं डिपॉझिट आणि जुनं परत मिळेपर्यंत मधले दिवस, मुलांचा जाण्या-येण्याचा वाढीव खर्च. त्या बेरजेला दरमहाच्या बचतीने भागा. उत्तर सहा-आठ महिन्यांच्या आत येत असेल तर जा. वर्षाच्या पुढे जात असेल तर आत्ता नको. आणि नवं डिपॉझिट भरायला नवीन कर्ज काढावं लागणार असेल, तर हा पर्याय तूर्तास बाजूलाच ठेवा.

कराराची मुदत कधी संपते ते बघा. मुदतीआधी सोडल्यास दंड असतो, मुदत संपताना हललात तर तो वाचतो.

रात्रपाळी

ताई, पैशांचं सगळ्यांनी लिहिलंच आहे. मी घराबद्दल लिहिते.

कर्जात माणसाचं डोकं मंदावतं, आणि ते आपल्या स्वभावामुळे नसतं. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात तमिळनाडूतल्या ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास आला होता. तीच माणसं ऊस निघायच्या आधी, हाती पैसा नसताना, आकलनाच्या चाचण्यांत कमी पडली आणि पीक निघून पैसा आल्यावर त्यांनाच त्या चाचण्या जास्त चांगल्या जमल्या. माणूस तोच, फक्त डोक्यावरचं ओझं वेगळं. म्हणून रात्री अकरा वाजता, फोन येऊन गेल्यावर, कुठलाही निर्णय घेऊ नका. आठवड्यातून एक ठरलेली वेळ ठेवा, दोघांनी बसा, सगळे कागद एकत्र, तासाभरात आटपा. बाकीच्या दिवशी त्या विषयाला घरात बंदी.

मुलांपासून लपवू नका. आकडे सांगायची गरज नाही, पण "सध्या पैसे जपून वापरतोय, घर आपलं आहे तिथेच आहे, तुमची शाळा चालू राहणार आहे" एवढं त्यांच्या कानावर तुमच्याच तोंडून जाऊ दे. ती भिंतीपलीकडून अर्धवट ऐकतात आणि उरलेलं मनाने भरतात.

आणि ह्यांच्याकडे लक्ष असू द्या. नोकरी गेलेला, आधीपेक्षा कमी कमावणारा माणूस बोलत नाही. तुम्हा दोघांपैकी कोणाच्याही मनात जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार डोकावला, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी किंवा हेल्पलाइनशी बोला, हिशेब नंतर. कर्जाला मुदतवाढ मागता येते.

पायवाट

रात्रपाळी, फार नेमकं लिहिलंत. भिंतीपलीकडून ऐकण्याचं तर अगदी खरं आहे.

मुक्काम (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. दोघांनी मिळून वाचलं.

भाड्याचं खातं वेगळं काढलं. वरचा_मजला यांच्या निरोपासारखाच निरोप घरमालकांना पाठवला, त्यांनी संध्याकाळी "ठीक आहे, पाचऐवजी सहा भाग करा" असं उत्तर दिलं. (मी पाच भाग लिहिले होते.) मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, खरं सांगते.

भागाकार करून पाहिले. एक ॲप सगळ्यांत वर आलं, दुसरं कार्डाच्याही खाली. म्हणजे दोन्ही ॲप एकदम असं नाही, आधी एकच.

आता दोन नवे प्रश्न. एक जण सगळी कर्जं एकत्र करून कमी व्याजाचं एकच मोठं कर्ज देतो म्हणतोय, हप्ता निम्मा होईल. आणि एका कार्डवाल्यांनी स्वतःहून "तडजोड" सुचवली आहे, थोडे पैसे एकरकमी भरा, बाकी सोडून देऊ. भाऊ म्हणतो त्यासाठी तो आणखी पैसे देईल. काय करावं?

जमाखर्च

एकत्र कर्जाचं आधी. हप्ता निम्मा होतो तो बहुतेक वेळा मुदत वाढल्यामुळे. उदाहरण घ्या. १,००,००० वर २४ टक्के, मुदत २ वर्षं, हप्ता सुमारे ५,२९०, एकूण व्याज २६,९०० च्या आसपास. तेवढेच पैसे १८ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे २,५४० आणि व्याज ५२,४०० च्या आसपास. दर कमी, हप्ता कमी, आणि व्याज जवळजवळ दुप्पट. तरीही मी नाही म्हणणार नाही, कारण तुमच्या घरात आत्ता महिना सांभाळणं महत्त्वाचं आहे. मात्र मुदतीआधी फेडल्यास दंड नाही, हे लेखी असेल तरच घ्या. आणि जुनी कार्डं त्याच दिवशी बंद करा. ती रिकामी होऊन चालू राहिली की वर्षभरात पुन्हा भरलेली मी पाहिली आहेत, चांगल्या शिस्तीच्या घरांतसुद्धा. "सगळी कर्जं मिटवून देतो, आधी फी भरा" म्हणणारा कोणी असेल तर त्याला एक पैसाही देऊ नका.

सुट्टे_पैसे

भावाच्या पैशांबद्दल. भावाचं कर्ज बिनव्याजी आहे म्हणून ते शेवटी, असं सगळे धरतात, आणि नातं नेमकं त्यातच तुटतं. रक्कम कितीही लहान असो, त्याला दर महिन्याला ठरल्या तारखेला काहीतरी द्या आणि कागदावर लिहून ठेवा. त्याच्याकडून आणखी घ्यायचे असतील तर वहिनींनाही माहीत असू दे.

पलीकडचा_फोन

तडजोडीचं मी सांगतो. त्यांनी स्वतःहून सुचवली म्हणजे रक्कम अजून खाली यायला जागा असते. लगेच हो म्हणू नका, तुम्हाला खरंच झेपेल तो आकडा लेखी कळवा आणि थांबा. तडजोडीची नोंद पतअहवालात काही वर्षं राहते, पुढचं घर भाड्याने घेताना तो अहवाल मागणारे मालकही असतात, हे धरून ठरवा. काही देशांत माफ झालेली रक्कम उत्पन्न समजून त्यावर कर लागतो, तेही विचारून घ्या. आणि एखादं देणं फार जुनं असेल तर त्यावर पैसे भरायच्या आधी कायद्याचा सल्ला घ्या, कारण अनेक ठिकाणी अर्धवट भरणा केला किंवा देणं लेखी कबूल केलं की त्यांना कोर्टात दावा लावायची मुदत नव्याने सुरू होते.

पैसे भरण्यापूर्वी त्यांच्या लेटरहेडवर पत्र मागा. त्यात तुमचा खाते क्रमांक, ठरलेली रक्कम, भरण्याची शेवटची तारीख आणि "ही रक्कम मिळाल्यावर या खात्यावर कोणतीही बाकी राहणार नाही" हे वाक्य असायलाच हवं. पैसे फक्त संस्थेच्या खात्यात, वसुलीवाल्याच्या हातात किंवा त्याच्या नंबरवर कधीच नाही. भरल्यावर बाकी नसल्याचा दाखला घ्या, महिन्या-दोन महिन्यांनी पतअहवाल काढून नोंद बदलली का पाहा, आणि पत्र, पावती, दाखला हे तिन्ही कागद फेकू नका. ही उरलेली रक्कम दुसऱ्या वसुली कंपनीला विकली जाऊन काही वर्षांनी पुन्हा फोन आल्याच्या घटना होतात, तेव्हा ते तीन कागदच उपयोगी पडतात. पत्राचा मसुदा आला की खाते क्रमांक आणि नावं झाकून इथे टाका, मी वाचून सांगेन.